रा. रा. डू ॲज डायरेक्टेड यांस

रा. रा. डू ॲज डायरेक्टेड साहेब,
मुक्काम पोस्ट : दहावीची इंग्रजी प्रश्नपत्रिका (तृतीय भाषा)

कान्हे, तालुका मावळ येथून साष्टांग नमस्कार, वि. वि.

आपल्या कृपेने आमच्या गावची पोरं वाक्यं उलटीपालटी करण्यात अशी तरबेज झाली आहेत की विचारता सोय नाही. ‘व्हॉट अ ब्यूटिफुल सीन इट इज!’ असं समोर टाका, पापणी लवायच्या आत ‘इट इज अ व्हेरी ब्यूटिफुल सीन’ करून देतात. सीन कोणता, हे विचारायचं नसतं. पावसाळ्यात आंदर मावळाचे डोंगर हिरवेगार होतात, त्यांच्याकडे बघून मात्र एकाही पोराच्या तोंडून ‘व्हॉट अ’ निघाल्याचं ऐकिवात नाही. बरोबरच आहे. आपण उद्गारचिन्ह काढून टाकण्याचे गुण देता, उद्गार काढण्याचे नाही.

‘नो सूनर’ दिसलं की ‘दॅन’, ‘हार्डली’ दिसलं की ‘व्हेन’, ‘टू’ काढलं की ‘सो... दॅट... कॅनॉट’. गाइडमधलं ते पान लाल पेनाच्या रेघांनी फाटायला आलेलं असतं. अर्थ कळतो का? अर्थाचं काय काम, साहेब, ठोकताळे पाठ आहेत ना.

परवा कान्हे फाट्यावर एक गाडी थांबली. आतल्या बाईंनी काच खाली करून तिथल्या एका पोराला इंग्रजीत टाकव्याचा रस्ता विचारला. वाक्य इंटरॉगेटिव्ह आहे, हे आपल्या लाडक्या विद्यार्थ्याने नक्कीच ओळखलं असणार. उत्तर म्हणून त्याने बोट केलं. गाडी बरोबर वळली, हे बोटाचं श्रेय. आपण त्यात वाटा मागू नये.

महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे. म्हणजे दहावीपर्यंत दहा वर्षं. एवढ्या काळात आपण पोरांना काय शिकवलंत, तर शेवटी प्रश्नचिन्ह असलं की प्रश्न. आमच्याकडे सकाळी आई विचारते, ‘शाळेत जायचं नाही का आज?’ त्यावर ‘नाही’ असं उत्तर आपण एकदा देऊन बघावं. प्रश्नाच्या वेषातला हुकूम इथलं पोर अंथरुणातच ओळखतं. ही अक्कल त्याच्याकडे आधीपासून आहे; इंग्रजीच्या तासाला ती वर्गाबाहेर चपलांपाशी ठेवायला आपणच लावलीत. मग टाकवे रोडच्या एखाद्या कारखान्यात तो शिकाऊ म्हणून लागतो, सुपरवायझर म्हणतो, ‘कुड यू चेक धिस वन्स?’ आणि हा ‘येस सर’ म्हणून जागच्या जागी उभा. प्रकार ओळखला, काम ओळखलं नाही.

खरी अडचण कुठे आहे तेही सांगतो, आपल्याला सवड असेल तर. मराठीत वाक्य जागेवर ठेवून शेवटी ‘का’ जोडला किंवा मधे ‘कधी’, ‘कुठे’ घातलं की प्रश्न होतो. इंग्रजीत ‘इज’, ‘विल’ यांना उठून कर्त्याच्या पुढे यावं लागतं, आणि असं कुणी नसेल तर कुठून तरी ‘डू’ बोलवावा लागतो. म्हणून पोर ‘व्हेन द लोकल विल कम?’ म्हणतं. ही चूक मोडते ती शंभरदा खरं काहीतरी विचारल्यावर. आपण मात्र तयार वाक्य हातात देऊन फक्त फिरवायला सांगता. पोराला स्वतःला काही विचारायचं असेल, ही शक्यताच आपल्या दरबारी नाही.

१९७९ ते १९८४ या काळात इंग्रजी-अध्यापनाचे अभ्यासक एन. एस. प्रभू यांनी बंगलोर-मद्रासकडच्या काही शाळांत याच्या उलट करून पाहिलं. व्याकरणाचे धडे बाजूला ठेवले आणि मुलांपुढे नकाशे, रेल्वेची वेळापत्रकं टाकून त्यांच्यावरचे प्रश्न इंग्रजीत सोडवून घेतले. आमच्याकडे तर वडगाव आणि कामशेतच्या मधोमध अख्खं स्टेशन आहे. पण लोकलची वेळ विचारण्याला आपल्या तक्त्यात गुण किती?

तोंडी परीक्षेला २० गुण आहेत म्हणे. ते कसे पडतात, हे आपण जाणताच.

कळावे, लोभ नसावा.

आपला,
एक कान्हेकर

ता. क. : हे पत्र इंग्रजीच्या गुरुजींच्या आणि बाईंच्या हाती पडलं, तर एकच विनंती. पुढच्या तासाला फळ्यावर पुणे-लोणावळा लोकलचं वेळापत्रक लिहा आणि प्रश्न पोरांना विचारू द्या. उत्तरं तुम्ही द्या.