क्लचचे गोत्र

इंग्लंडात जुन्या मिनी गाड्या जिथे जिथे जमतात, तिथे एक क्लचपंडित असतोच. दर मे महिन्यात लंडनहून ब्रायटनला मिनींचा ताफा निघतो. तिथल्या समुद्रकाठी, मडीरा ड्राइव्हवर, तो हमखास भेटतो. वय सत्तरीच्या पुढे, अंगात तपकिरी डगला, वरच्या खिशात टॉर्च आणि नखांत कायमचं वस्तीला आलेलं ग्रीस. छतावर हौसेने रंगवलेला युनियन जॅक त्याला दिसत नाही, शेजारी उभी असलेली तुमची बायकोही दिसत नाही. उघडं बॉनेट मात्र शंभर पावलांवरून दिसतं. तो येतो आणि स्थळ बघायला आलेल्या आजोबांनी गोत्र विचारावं तसं विचारतो, "व्हर्टो, की त्याच्या आधीचा?"

नवखा मालक इथेच फसतो. गाडीचे कागद काढून दाखवतो.

"हे बॉडीचे कागद," पंडित म्हणतो. "बॉडी 1974ची, मान्य. इंजिन कोणाचं?"

आता याचं उत्तर मालकाच्या बापालाही ठाऊक नसतं. मिनी 1959 ते 2000 अशी चाळीस वर्षांवर बनत राहिली. व्हर्टो क्लच आला 1982च्या सुमारास, म्हणजे सालावरून निकाल लागायला हरकत नव्हती. पण दरम्यान कितीतरी मिनींनी मेट्रो नावाच्या दुसऱ्या गाडीची इंजिनं दत्तक घेतली. शिवाय काही हौशी मंडळी चांगला चालणारा व्हर्टो काढून मुद्दाम जुना बसवतात. त्याचं फ्लायव्हील हलकं, गाडी चटकन उसळी घेते म्हणे. तेव्हा कागदावर विसंबू नये, हे पंडिताचं म्हणणं खरंच आहे. फक्त ते ऐकायला पाऊण तास लागतो.

कारण सुरुवात मिनीचा रचनाकार इसिगोनिस याच्यापासून होते. दहा फुटी गाडीत चार माणसं बसवायची म्हणून त्या गृहस्थाने इंजिन आडवं टाकलं, गिअरबॉक्स त्याच्या खाली, त्याच तेलात बुडवला, आणि क्लच गेला पार टोकाला, ड्रायव्हरच्या बाजूला. एवढं झालं की पंडित स्वतःचा चहाचा कप तुमच्या हातात देतो आणि वाकतो. टॉर्चचा झोत क्लचच्या झाकणावर पडतो. झाकणाच्या मधोमध दोन मोठे नट, उभ्या दांड्याचं खालचं टोक तिथेच अडकवलेलं, आणि दांडा मागे ओढणारी छोटी स्प्रिंग. "जुना!" तो नातू झाल्यासारखा ओरडतो. पण गोत्र कळलं तरी प्रवर उरतंच: 1964च्या आधीचा असेल तर आत गुंडाळीच्या स्प्रिंगा, नंतरचा असेल तर डायाफ्रॅम. मग खिशातून फीलर गेज निघतो. दांडा आणि स्टॉप यांच्यात अर्धा मिलिमीटर फट हवी. ती तुमच्याकडे कधीच नसते.

व्हर्टो निघाला तर मात्र चेहरा पडतो. "हा स्वतःच स्वतःला जुळवून घेतो," तो खिन्नपणे सांगतो. "मग माणसाने करायचं काय?"

त्याच्या बायकोने घडीच्या खुर्चीतून, विणकामावरची नजर न उचलता, तुमच्या क्लचची जात पहिल्याच मिनिटाला सांगितलेली असते. पण ती पुराव्याशिवाय बोलते, असं त्याचं मत.

एक कबूल केलं पाहिजे. दोन्ही क्लचची प्लेट वेगळी, फ्लायव्हील वेगळं, ते ओढून काढायचा पुलरही वेगळा. न विचारता सामान मागवणारा बहाद्दर शनिवारी गाडी खोलतो आणि सोमवारी बसने कामाला जातो. "आणि फ्लायव्हील काढताना क्रँकच्या खाचा आडव्या ठेवायच्या," पंडित बोट नाचवत बजावतो, "नाहीतर आतला सी-वॉशर खाली घसरतो आणि सगळं जाम!" हे तो गाडी विकायला आलेल्यांनाही सांगतो.

परवा त्याच रांगेत एका तरुणाने 2001 नंतरची, बीएमडब्ल्यूवाली मिनी आणून लावली. बॉनेट उघडून तो आदराने बाजूला झाला. "आजोबा, माझा क्लच कोणता?"

पंडिताने टॉर्च खिशात ठेवला. गाडीला सावकाश एक प्रदक्षिणा घातली, मागच्या काचेतून आत डोकावला आणि अतिशय सौजन्याने म्हणाला, "डबे ठेवायला जागा छान आहे."