कल्ले बघून घ्या

मालवणच्या मुलीशी लग्न झालं तेव्हा मला माशांच्या दोनच जाती ठाऊक होत्या: तळलेला आणि रश्शातला. सोलापूरच्या भाकरीवर वाढलेल्या माणसाला याहून जास्त कळायचं कारणही नव्हतं. लग्नाला 28 वर्षं झाली, तरी रविवारी पिशवी हातात देताना बायको अजून तेच सांगते, "अहो, कल्ले बघून घ्या. लाल असले तरच." मी बघतो. कोळणीने स्वतःच्या हाताने उघडून दाखवलेला कल्ला तिच्या तोंडावर "लाल नाही" म्हणायची माझी छाती नाही, त्यामुळे मला ते कायम लालच दिसतात.

ही उणीव मी वाचून भरून काढली. सरंगा कुठला आणि हलवा कुठला यात आजही माझा गोंधळ होतो, पण ग्रीनलंड शार्कच्या वयाबद्दल अख्ख्या बाजारात मला कोणी हरवणार नाही. अडचण एवढीच की बाजारात तो विषय निघत नाही. मलाच काढावा लागतो.

मागे मुशी, म्हणजे लहान शार्कच, घेताना काढला. कोळीण म्हणाली, "घ्या दादा, आताच आली बोटीवरनं." मी वास घेतला. नाकात अमोनिया शिरला, आणि अंगात प्राध्यापक. मी तिला सांगितलं, की खाऱ्या पाण्यात राहून अंगातलं पाणी समुद्राने ओढून घेऊ नये म्हणून शार्क आपल्या रक्तात युरिया साठवून ठेवते. हो, तोच, शेतात टाकतात तो. मेल्यावर जिवाणू त्या युरियाचा अमोनिया करतात. म्हणजे वास जितका उग्र, तितकी मुशी शिळी. हे मी जरा मोठ्यानेच बोललो असणार. शेजारच्या दोन गिऱ्हाइकांनी उचललेले तुकडे परत पाटीत ठेवले. कोळणीने कोयता खाली ठेवला आणि विचारलं, "घ्यायची हाय, का नुसतं शिकवायचं हाय?"

घेतली. शिकवल्यावर घ्यावीच लागते.

घरी सासूबाई आलेल्या होत्या. मुशीला त्या मोरी म्हणतात आणि तिच्याविषयी आदराने बोलतात, कारण मोरी बाळंतिणीला देतात आणि तिच्यात काटा नसतो. काटा नसतो कारण शार्कच्या अंगात हाडच नसतं, सगळा सांगाडा कूर्चेचा, आपल्या कानात असते तसल्या. आणि जी खरखरीत कातडी त्या गरम पाण्यात घालून खरवडत होत्या, तिच्यावर खवले नव्हेत, बारीक बारीक दातच असतात. मी हे सांगितल्यावर सासूबाईंनी सुरी थांबवून आधी कातडीकडे आणि मग माझ्याकडे पाहिलं. दोघांपैकी कोणाला खरवडावं हा प्रश्न त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट होता.

जेवताना मी ग्रीनलंड शार्क काढली. 2016 साली शास्त्रज्ञांनी तिच्या डोळ्यातल्या भिंगाची कार्बन-तपासणी केली. सर्वांत मोठ्या मादीचं वय कमीत कमी 272 वर्षं भरलं, आणि अंदाज तर 400 च्या आसपास गेला. कमीतली कमी वर्षं धरली तरी पानिपत झालं तेव्हा ही बाई उत्तरेच्या थंडगार पाण्यात चांगली सतरा वर्षांची होती. आणि ही जात वयात येते साधारण दीडशेव्या वर्षी.

सासूबाईंचा घास हातात राहिला. "दीडशे वर्सां? मगे आमच्या बाबल्याक उगाच बोलतंव आमी!" बाबल्या म्हणजे त्यांचा भाचा. वय 36, स्थळं पाहणं चालू.

या यशाने मी चढलो आणि सँड टायगर शार्कवर गेलो. तिच्या पोटात दोन गर्भाशयं, प्रत्येकात बरीच भावंडं, पण जन्माला येतं दर गर्भाशयातून एकच, कारण सर्वांत थोरलं पिल्लू बाकीच्यांना आतच खाऊन टाकतं. तपासायला आत हात घालणाऱ्या एका शास्त्रज्ञाला न जन्मलेल्या पिल्लाने चावा घेतल्याची नोंद आहे. टेबलावर शांतता पसरली. बायकोचे दोन काका आंब्याच्या बागेवरून गेली अकरा वर्षं कोर्टात आहेत, हे मला उशिरा आठवलं. "निदान जन्माला येईपर्यंत तरी थांबले," मी म्हणालो. त्यानंतर मला रस्सा कोणी वाढला नाही.

पण माझा खरा जीव आहे सीलाकँथ या माशावर. 22 डिसेंबर 1938. दक्षिण आफ्रिकेत ईस्ट लंडन नावाचं बंदर आहे, तिथल्या छोट्या संग्रहालयातली मार्जरी कोर्टने-लॅटिमर ही तरुण मुलगी बोटीवरची मासळी बघायला गेली आणि ढिगाखालून तिला एक निळा पर दिसला. ढीग उपसला तर दीड मीटर लांबीचा, 57 किलोंचा, पायांसारखे मांसल पर असलेला मासा. टॅक्सीवाला म्हणाला, हा वास माझ्या गाडीत नको. ती त्याच्याशी भांडली. (बरणीभर सुकट घेऊन मुंबईच्या टॅक्सीत बसलेल्या प्रत्येकाला ही बाई आपली वाटेल.) शवागाराने मासा ठेवून घ्यायला नकार दिला, शीतगृहानेही दिला. संग्रहालयाच्या अध्यक्षांनी तर एक नजर टाकून सांगितलं, हा खडकातला साधा मासा. आपण ज्याला हेकरू म्हणतो, त्या जातीचा.

तिने स्केच काढून जे. एल. बी. स्मिथना पाठवलं. हे गृहस्थ शिकवायचे रसायनशास्त्र, जीव मात्र माशांत. ते सुट्टीवर होते, पत्र पोचायला जानेवारी उजाडला. चित्र बघून त्यांना घाम फुटला, कारण हा मासा 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी डायनोसॉरबरोबर संपला, असं सगळं जग मानत होतं. त्यांनी तार केली: सांगाडा आणि कल्ले जपून ठेवा.

कल्ले! हे मी प्रथम वाचलं तेव्हा वर्तमानपत्र वाचणाऱ्या बायकोकडे नव्या नजरेने पाहिलं. तार पोचेपर्यंत मासा पेंढा भरायला गेला होता आणि कल्ले कचऱ्यात.

पुढे कळलं की कोमोरो बेटांवरचे कोळी हा मासा पिढ्यान्‌पिढ्या ओळखतात, त्याला गोम्बेसा म्हणतात आणि तेलकट म्हणून टाळतात. 1997 मध्ये मार्क अर्डमन हा सागरी जीवशास्त्रज्ञ मधुचंद्राला इंडोनेशियात गेला होता. मनाडोच्या मासळीबाजारात त्याच्या बायकोला हातगाडीवर हाच मासा दिसला. कोमोरोपासून सुमारे 10,000 किलोमीटरवर! नवऱ्याला वाटलं, इथेही मिळतो हे लोकांना माहीत असणारच. त्याने फोटो काढले आणि मासा सोडून दिला. लोकांना माहीत नव्हतं. कोळ्यांना होतं, ते त्याला 'समुद्राचा राजा' म्हणायचे. दुसरा हाती लागायला दहा महिने गेले.

म्हणून गेल्या रविवारी बर्फाच्या ढिगाखालून जाड पर, रुंद जबडा आणि अंगभर ठिपके असलेला एक मासा डोकावला, तेव्हा मी अर्डमनची चूक करायची नाही असं ठरवलं. सीलाकँथच्या अंगावरही ठिपके असतात. मी कोळणीला हात जोडून तो ढीग उपसायला लावला आणि बायकोला व्हिडिओ कॉल केला. श्वास रोखून फोन माशावर धरला.

"कल्ले उघडायला सांगा," ती म्हणाली.

कोळणीने उघडले.

"चार दिवस बर्फात आहे. आणि हेकरू आहे तो. घेऊ नका."

तोवर पैसे दिले होते.