चिप एक, ओळखी अनेक

लॅपटॉपमधल्या पीसीआय कंट्रोलरला नाव नसते. दोन आकडे असतात. पहिला कंपनीचा, दुसरा उपकरणाचा. इंटेलने स्वतःसाठी ८०८६ हा आकडा घेतला, म्हणजे आपल्याच गाजलेल्या प्रोसेसरचा. यात नम्रता फारशी दिसत नाही. लिनक्समधली ‘एलएसपीसीआय’ ही आज्ञा जी नावे दाखवते ती आकड्यांवरून एका फाइलीत शोधलेली असतात. फाइल जुनी असली की धडधाकट चिपही अनोळखी ठरते. फाइल अद्ययावत करणे हे काही सेकंदांचे काम. तरीही पुष्कळ जण त्याआधीच लॅपटॉप उघडून फर्मवेअरच्या फ्लॅश चिपला प्रोग्रामरचा चिमटा लावतात.

कोअरबूट हे मुक्त फर्मवेअर बसवलेल्या यंत्रात गंमत वाढते, कारण काही आकडे फर्मवेअरच ठरवते. कोअरबूट प्रकल्पाने स्वतःही १९९९ ते २००८ ही वर्षे लिनक्सबायॉस या नावाने काढली, तेव्हा सवय घरातलीच म्हणायची. थिंकपॅड एक्स२०० मधला डिस्क सांभाळणारा साटा कंट्रोलर एएचसीआय पद्धतीत २९२९ असतो. तोच आयडीई पद्धतीत २९२८ होतो आणि जुन्या ‘एटीए-पिक्स’ ड्रायव्हरच्या पदरी पडतो. डिस्क चालते, पण रेंगाळत. मालक डिस्क बदलतो, केबलला दोष देतो, क्वचित ग्रहांनाही. त्याऐवजी आकडा व ड्रायव्हर एकत्र दाखवणारी ‘एलएसपीसीआय -एनएनके’ चालवावी आणि मग फर्मवेअरमधली साटाची पद्धत तपासावी. आकड्याच्या जागी एफएफएफएफ आले, तर उत्तर द्यायला तिथे कोणीच नाही. कोअरबूटच्या ‘डिव्हाइसट्री’ या उपकरणांच्या यादीत त्या उपकरणापुढे कोणी ‘ऑफ’ लिहून ठेवले आहे का, ते पाहावे.

ध्वनीचे दुखणे सूक्ष्म असते. लॅपटॉप कोणत्या कंपनीचा, हे सांगणारा उपआकडाही फर्मवेअर लिहिते, लेनोवोचा १७एए. तो चुकला तर लिनक्सला त्या मॉडेलसाठीची खास दुरुस्ती सापडत नाही, आणि हेडफोन लावल्यावरही स्पीकर सगळ्या घराला गाणे ऐकवत राहू शकतो.

नेटवर्क कार्डाची ओळख म्हणजे मॅक पत्ता. एक्स२०० मध्ये तारेच्या नेटवर्कचा हा पत्ता फ्लॅशमधल्या वेगळ्या भागात असतो. फर्मवेअरची तयार रॉम जशीच्या तशी चढवली की सर्वांना एकच पत्ता मिळू शकतो, आणि असे दोन लॅपटॉप एका राउटरला जोडले की दोघांचेही इंटरनेट रुसते. खरा पत्ता मूळ रॉममध्ये असतो. म्हणून फ्लॅश करण्यापूर्वी तिची प्रत काढून ठेवावी, आणि ती त्याच लॅपटॉपवर ठेवू नये.