मॉडेल भलतंच गुणी

10 ऑगस्ट 1996. अमेरिकेत ओरेगॉनमध्ये भाराने लोंबलेली एक वीजवाहिनी दुपारी पावणेचारच्या सुमारास झाडाला टेकली. काही मिनिटांत पश्चिम ग्रिडचे चार तुकडे झाले आणि सुमारे 75 लाख ग्राहकांची वीज गेली.

पुढे अभियंत्यांनी तोच प्रसंग संगणकावर चालवून पाहिला. संगणकातलं ग्रिड थोडं डुललं आणि शहाण्यासारखं स्थिरावलं! लग्नाच्या बायोडाट्यातला मुलगा जसा हमखास निर्व्यसनी, तशी मॉडेलमधली जनित्रं आज्ञाधारक. खऱ्या ग्रिडमध्ये मॅकनरी धरणावरची जनित्रं ऐनवेळी एकेक करून बंद पडली होती.

ग्रिड एक, मॉडेलसाठी जनित्रांची माहिती पुरवणाऱ्या कंपन्या अनेक. जनित्रं तपासण्यापेक्षा त्यांनी दिलेल्या तक्त्यावर विसंबण्यात सगळ्यांचीच सोय.

त्यानंतर तिथे जनित्रांची प्रत्यक्ष चाचणी सक्तीची झाली.