पांडवकडा-दर्शन : एक कौटुंबिक संवाद

मुंबईच्या उपनगरांतील कुटुंबे धबधबा पाहण्यासाठी जातात, ही सर्वसाधारण समजूत तपासाअंती टिकत नाही. ती धबधब्याखाली बसण्यासाठी जातात, आणि बसण्यास मनाई झाली की पाहायचे म्हणजे नेमके काय करायचे, हा प्रश्न त्यांच्यापुढे अकस्मात उभा राहतो. या प्रश्नाच्या अभ्यासासाठी खारघरचा पांडवकडा विशेष सोयीचा आहे, कारण सुमारे 107 मीटर उंचीच्या या कड्यावरून पावसाळ्यात कोसळणारे पाणी दूरच्या रस्त्यावरूनही दिसते, परंतु बुडून मृत्यू होण्याच्या घटना वारंवार घडल्यामुळे त्याच्या पायथ्याशी जाण्यास बंदी असते. पुढील संवाद जुलैमधील एका रविवारी दिंडोशीहून निघालेल्या प्रातिनिधिक कुटुंबाचा असून त्यातील पात्रे व्यक्ती नव्हेत, प्रकार आहेत. प्रारंभ अर्थातच कुटुंबप्रमुख करतो. कुटुंबप्रमुख म्हणजे ज्याच्या हाती गाडीची किल्ली असते तो, निर्णय अन्यत्र होतात.

कुटुंबप्रमुख : ऐरोलीला आता टोल नाही. ऑक्टोबर 2024 पासून लहान गाड्यांना माफ आहे. जाताना सरळ 45 रुपये वाचले!

कुटुंबिनी : वाचले ते बरंच झालं. भिजायचे कपडे कोणत्या पिशवीत भरलेत?

'भिजायचे कपडे' ही संज्ञा येथे स्पष्ट केली पाहिजे. चारचौघांत घालण्याची योग्यता गमावलेल्या, परंतु पोतेरे होण्याइतक्या न विरलेल्या वस्त्रांचा हा संच वर्षभर माळ्यावर राहतो आणि सहलीच्या दिवशी गाडीची निम्मी डिकी व्यापतो, यावरून सहलीचा खरा हेतू कोणाच्याही ध्यानात यावा.

आजी : डोंगराला लागून राहतो आपण. गच्चीवर गेलात तरी भिजाल.

चिरंजीव : आजी, गच्चीवर भिजून स्टेटसला काय टाकायचं?

या प्रश्नाला आजीकडे उत्तर नसल्याने प्रवास सुरू होतो, पवईच्या वाहतूककोंडीत दुपारचे घावणे सकाळीच संपतात, आणि यथावकाश खारघरच्या टेकड्यांपाशी लोखंडी अडथळ्यासमोर गाडी थांबते.

हवालदार : गाडी मागे घ्या. पुढे बंदी आहे.

कुटुंबप्रमुख : साहेब, फॅमिली आहे.

हे विधान माहितीपर नसून अर्जवजा असते. एकट्यादुकट्या तरुणांना लागू होणारे सर्व नियम, गुरुत्वाकर्षणासह, कुटुंबापुरते शिथिल करावेत, अशी त्यात नम्र विनंती असते.

हवालदार : पाण्याला फॅमिली कळत नाही.

कुटुंबप्रमुख : पण इथे पाऊस कुठे पडतोय?

हवालदार : इथे नाही, वर पडतोय. वरचं पाणी खाली यायला वेळ लागतो. आत्ता घोट्याएवढं दिसतंय ना? ते गढूळ झालं की समजायचं, लोंढा निघाला. तोवर तुम्ही मधल्या दगडावर फोटो काढत असता.

हवालदाराचे हे जलशास्त्र निर्दोष आहे. उघड्या खडकाच्या तीव्र उतारावर पाणी फारसे मुरत नाही, त्यामुळे माथ्यावरील जोरदार सरीचे सारे पाणी अल्पावधीत ओढ्यात उतरते, आणि या अचानक वाढणाऱ्या प्रवाहालाच लोंढा म्हणतात. ऑगस्ट 2019 मध्ये याच ठिकाणी चार विद्यार्थिनी वाहून गेल्या. एवढे ऐकल्यावर कुटुंबप्रमुख गप्प होतो. मेहुणा होत नाही, कारण कोणत्याही सहलीत कायद्याची पळवाट शोधण्याचे खाते त्याच्याकडे असते.

मेहुणा : पण वनवासात पांडवांनी इथे आंघोळ केली म्हणतात. त्यांना नव्हतं कोणी अडवलं!

हवालदार : त्यांना वनवास होता. तुम्हाला उद्या ऑफिस आहे.

कुटुंबिनी : मग एवढ्या लांब येऊन करायचं काय?

हवालदार : बघा.

कुटुंबिनी : नुसतं?

चिरंजीव : किती वेळ?

शेवटचा प्रश्न वरवर बालिश असला, तरी संपूर्ण कुटुंबाची अडचण त्यात सामावलेली आहे. भिजण्याला थंडी वाजेपर्यंत आणि कणीस खाण्याला ते संपेपर्यंत अशी स्वाभाविक मर्यादा असते, पाहण्याला तशी कोणतीच नसते. परिणामी कुटुंबप्रमुख आरशातून मागच्या गाड्या पाहतो, मेहुणा इतर धबधब्यांचे अंतर पाहतो, आणि चिरंजीव भ्रमणध्वनीच्या पडद्यावर खरा कडा मोठा करून पाहतो. कोकणात बालपण गेलेली आजी मात्र काच खाली करून सरळ समोर पाहते.

आजी : आमच्या व्हाळार कधी हवालदार बघूक नाय.

व्हाळ म्हणजे ओढा.

आजी : पण धार बघा कशी वाकते! वारा आला की खालपर्यंत पोचतच नाही, मध्येच उडून जाते.

कुटुंबिनी : काच वर करा, शिंतोडे येताहेत. सीट भिजेल.

मेहुणा : येऊ देत की! त्यासाठीच तर आलो.

कुटुंबिनी : अंगावरचे चांगले कपडे आहेत.

हवालदार : बघून झालं असेल तर गाडी काढा. ही जागा नो पार्किंगची आहे, आणि मागे वाहतूकवाले गाड्यांचे फोटो घेताहेत.

महाराष्ट्रात या अपराधासाठी पहिल्या वेळी 500 रुपये दंड आहे.