तोडा पेटलेला की विझलेला?

दिवाळीच्या आधी पुण्याच्या कसबा पेठेत, कुंभारवाड्याकडे फेरी मारली, तर फळीवर मांडलेले मावळे पाहून कळवळणारा एखादा गृहस्थ हटकून भेटतो. बाकीची गिऱ्हाइकं ‘डझन कसे दिले?’ विचारत असतात. हा एक मावळा उचलतो, डोळ्यांपासून चार बोटांवर धरतो आणि विचारतो, ‘याच्या हातात हे काय आहे?’

‘तलवार,’ विकणाऱ्या बाई सांगतात.

मग मोबाइलवर हिशेब सुरू होतो. मावळा 10 सेंटीमीटर, खरा माणूस 160. म्हणजे प्रमाण एकास सोळा. तलवार 5 मिलिमीटर जाड. गुणिले 16, म्हणजे 80 मिलिमीटर. ‘अहो बाई, आठ सेंटीमीटर जाडीची तलवार! ही तलवार नाही, घराचा वासा आहे!’ बाईंनी असले पुष्कळ पाहिलेत. त्या शांतपणे विचारतात, ‘घ्यायचाय का?’ आणि तो सहा घेतो. बिनरंगाचे, तेही घासाघीस न करता.

नोकरीने हा बहुधा अभियंता किंवा बँकवाला असतो, वय पन्नाशीच्या अलीकडे-पलीकडे. घरात त्याच्या छंदाला ‘ह्यांच्या बाहुल्या’ म्हणतात. तो ‘फिगर’ म्हणतो, आणि कुणी बाहुल्या म्हटलं की उत्तर न देता चष्मा पुसायला घेतो. ज्या टेबलावर मुलांचा अभ्यास व्हायचा, तिथे आता कपाळाला बांधायचं भिंग, दातकोरण्या, निवृत्त टूथब्रश आणि 17 मिलिलिटरच्या स्पॅनिश रंगांच्या बाटल्या असतात. त्यांची नावं तो घेत नाही, नंबर सांगतो. गनमेटल ग्रे म्हणजे 863. स्वयंपाकघरातला एक घट्ट झाकणाचा डबा मध्यंतरी बेपत्ता झाला होता, तोही इथेच सापडतो. आत ओला स्पंज, त्यावर बटरपेपर. रंग वाळू नये म्हणून केलेली ही सोय पत्नीला पटवून देण्यात त्याला आजवर यश आलेलं नाही.

त्याचं सगळं प्रेम शस्त्रांवर. चेहरा तो उरकतो. डोळे म्हणजे दोन ठिपके, मिशी म्हणजे एक फटकारा. बंदूक हातात आली की मात्र घरातला पंखा बंद होतो.

कारण बंदूक नुसती काळी रंगवणं हा त्याच्या लेखी गुन्हा आहे. आणि इथे, कबूल करायला हवं, त्याचं म्हणणं बरोबर आहे. खरं लोखंड कधीच सपाट काळं दिसत नाही. कडा घासून उजळतात, सांध्यांत मळ साचतो. त्यावर बाजारातला चंदेरी रंग फासला तर त्यातली चमकी एवढ्याशा नळीवर भलतीच जाडीभरडी दिसते. म्हणून तो नळी आधी मंद काळी करतो. मग 6बी पेन्सिलीचं शिसं पॉलिश पेपरवर घासून त्याची पूड काढतो आणि बोटाच्या टोकाने नळीवर चोळतो. दोन-तीन वेळा चोळलं की त्या काळ्यातून लोखंड वर येतं, अगदी थंडगार. दस्त्याला आधी फिकट मातकट रंग, त्यावर गडद तपकिरी तैलरंग, आणि तो ओला असतानाच जवळजवळ कोरड्या ब्रशने लांबीच्या दिशेने ओढायचा. लाकडाच्या शिरा उमटतात. हे सगळं तो श्वास रोखून करतो. त्या वेळी दाराची बेल वाजवणाऱ्या माणसाबद्दल त्याचं मत कायमचं वाईट होतं.

आता मावळ्याची बंदूक म्हणजे तोड्याची बंदूक. सोऱ्याच्या पाण्यात भिजवून वाळवलेली सुती दोरी, म्हणजे तोडा, तिचं जळतं टोक रंजकावर, म्हणजे बार पेटवणाऱ्या दारूवर, टेकलं की बार उडायचा. ते टोक ट्रिपल झीरोच्या ब्रशने रंगवायचं असतं: आधी नारिंगी ठिपका, मग भोवती राखेची करडी कड. इथवर ठीक. पण पहाऱ्यावर नुसत्या उभ्या असलेल्या मावळ्याचा तोडा पेटलेला असेल की विझलेला? विझलेला ठेवला तर अचानक हल्ला आल्यावर तो काय करणार? पेटलेला ठेवला तर रात्रभर दोरी किती जळणार? या प्रश्नावर दोन समव्यसनी मित्रांत पाच महिने अबोला राहू शकतो.

संदर्भासाठी तो केळकर संग्रहालयात जातो. मस्तानी महालाकडे ढुंकूनही न पाहता शस्त्रांच्या काचेला नाक लावतो आणि ढालीवरची फुलं मोजतो.

मावळ्यांवर भागत नाही तेव्हा तो विसाव्या शतकात शिरतो, एकास पस्तीसच्या प्रमाणात. या प्रमाणाची त्याला केवढी भक्ती! लष्करी ली-एनफिल्ड रायफल 113 सेंटीमीटरची, म्हणून इथे 32 मिलिमीटर. 33 झाली तर झोप नाही. गंमत अशी की हा पस्तीसचा आकडा बराचसा योगायोगाने आला. 1960च्या दशकाच्या सुरुवातीला जपानच्या तामिया कंपनीने मोटारीवर चालणारा पँथर रणगाडा काढला, तो आत बॅटऱ्या मावतील एवढा केला आणि पुढे तेच माप रूढ झालं. ही हकीकत त्याला माहीत असते. तो ती कुणाला सांगत नाही.

त्याचं सध्याचं काम नाईक यशवंत घाडगे. मराठा लाइट इन्फन्ट्रीचा हा जवान 10 जुलै 1944 रोजी इटलीत, टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात, एकटा शत्रूच्या मशीनगनवर धावून गेला. आधी ग्रेनेड, मग टॉमीगन. मॅगझिन बदलायला सवड उरली नाही तेव्हा नळी धरून त्याने दस्त्यानेच उरलेल्या दोघांना संपवलं. लगेच तो स्वतःही गोळ्यांना बळी पडला. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा येतो. आपला गृहस्थही क्षणभर गप्प होतो आणि मग म्हणतो, ‘पण टॉमीगन कुठली? 1928 मॉडेलचा खटका वर असतो, नंतरच्या एम-वनचा उजव्या बाजूला.’ अख्खा पावसाळा या खटक्यात गेला. शेवटी त्याने पवित्रा असा निवडला की खटक्याची जागा बाहीआड गेली. मग कमरेच्या पट्ट्याच्या पितळी बकलांची पाळी आली: लखलखीत, की लढाईच्या धुळीने मंद? मंद ठरली. ती एवढी मंद झाली आहेत की दिसत नाहीत.

सोसायटीच्या किल्ला स्पर्धेला परीक्षक म्हणून त्याला एकदाच बोलावतात. मुलांनी आठवडाभर खपून सिंहगड केलेला, अळीव हिरवागार उगवलेला, तळ्यात खरं पाणी. हा वाकतो तो थेट दरवाजाशी. तिथे हिरव्या प्लॅस्टिकचा अमेरिकन सैनिक एम-सिक्स्टीन रोखून उभा.

‘हा इथे कसा?’

‘काका, तो रात्रपाळीला आहे,’ किल्लेदारीण सांगते. वय नऊ.

शिवकाल, तोडा, रंजक असं बरंच समजावून झाल्यावर तो सैनिक ‘बघतो जरा’ म्हणून घरी नेतो. दुसऱ्या दिवशी सैनिक पुन्हा दरवाजावर हजर. शतक अजून चुकलेलंच, अंगही हिरवंच. पण बंदुकीचा दस्ता काळा, नळी करडी, कडांना पेन्सिलीची झाक आणि खांद्याच्या पट्ट्याला नखाच्या टोकाएवढं बक्कल.

किल्लेदारीण तो उलटसुलट करून पाहते, घरात पळते आणि प्लॅस्टिकची पिशवी आणून काकांच्या हातात देते. ‘हे बाकीचे. आणि एक रणगाडा आहे, त्याचं चाक गेलंय.’