पदवी, पोटभर थाळीच्या भावात

अमेरिकेत आता पदवीही पोटभर थाळीच्या भावात मिळते. १९९७ साली स्थापन झालेली वेस्टर्न गव्हर्नर्स युनिव्हर्सिटी सहा महिन्यांची एकरकमी फी घेते. तेवढ्यात झेपतील तेवढे विषय संपवा. चाणाक्ष मंडळी त्याआधीच सोफियासारख्या ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या संकेतस्थळावर मासिक वर्गणीत इंग्रजी, इतिहास, अर्थशास्त्र उरकतात, त्यांचं क्रेडिट, म्हणजे विषय पूर्ण केल्याचे श्रेयांक, इकडे वळवतात आणि कम्प्युटर सायन्सच्या दारात अर्धे पदवीधर होऊनच उभी राहतात.

‘याला काय शिक्षण म्हणायचं?’ असं म्हणत प्राध्यापक नाक मुरडतात. प्रश्न रास्त आहे. फक्त, कर्ज काढून भरगच्च वर्गात मागच्या बाकावर चार वर्षं डुलक्या काढल्या, त्याला काय म्हणायचं तेवढंही सांगून टाका! आणि घाईवाल्यांनो, कुठलं क्रेडिट चालेल ते पैसे भरण्याआधी विद्यापीठाकडून लेखी घ्या.